उरलेल्या तीन ओळी

फोनवर तिनं एकच गोष्ट विचारली, "उरलेलं आणताय का?"

मी हो म्हणालो. तेव्हा माझ्याकडे उरलेलं काहीही नव्हतं. होतं ते एक पोस्टकार्ड. त्यावर निळ्या शाईत, शेवटाकडे खाली घसरत जाणाऱ्या ओळींत एवढा मजकूर होता : "संपादक साहेब, माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं आलं. बाकीचं कोणत्या अंकात येईल ते कळवावं. मंगल, इयत्ता सहावी, तालुका कन्नड." कार्ड एकतीस वर्षांपूर्वीचं आहे. त्याला उत्तर गेलं नाही. ते पाठवण्याचं काम माझं होतं.

त्या काळी मी औरंगाबादच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. ते दैनिक आता नाही. रविवारच्या पुरवणीत एक सदर असे. वाचकांनी कार्डावर कोणताही प्रश्न विचारायचा, लहान किंवा मोठा, आणि दाभाडे बाईंनी उत्तर द्यायचं. बाई शाळेत विज्ञान शिकवत. सदरातली उत्तरं मात्र विज्ञानाची नसत. फुलंब्रीच्या एका वाचकानं विचारलं होतं, मुंगी एवढ्या घाईनं कुठं जाते? बाईंनी लिहिलं : "जिथून दुसरी मुंगी घाईनं येते तिथं. वाटेत दोघी भेटतात, एकमेकींना हेच विचारतात, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. एवढंच." शहराला एवढे दरवाजे आहेत, मग भिंत कुठं गेली, असं एका कॉलेजच्या मुलानं विचारलं. "एवढे दरवाजे उघडे ठेवल्यावर ती निघून जाणारच. एवढंच." सुख म्हणजे काय, हा प्रश्न दर महिन्याला येई. त्याचं उत्तर बाईंनी एकदाच दिलं : "घरी आल्यावर चप्पल काढताना जे वाटतं ते. चप्पल नवी असेल तर जास्त. एवढंच."

प्रत्येक उत्तर "एवढंच" या शब्दानं संपे. वाचक त्या शब्दाची वाट पाहत वाचत.

मंगलचा प्रश्न असा होता : माणूस गेल्यावर त्याच्या सायकलला कळतं का? छापून आलेलं उत्तर मला पाठ आहे. "सगळ्यात आधी तिलाच कळतं. घरच्यांना कुणीतरी येऊन सांगावं लागतं. सायकलला सकाळीच समजतं, कारण तिची घंटी वाजलेली नसते. मग ती हट्टाला पेटते. दुसरा कुणी बसला की चेन टाकते. तिसरा बसला की हवा सोडते. तिची समजूत घालणं सोपं नाही. पण एक उपाय आहे."

उत्तर तिथं संपलं. पुढच्या तीन ओळी मी कापल्या होत्या. शेवटच्या घटकेला शेजारची साडीच्या दुकानाची जाहिरात वाढली, जागा कमी पडली. आमच्या धंद्यात बातमी अशी लिहितात की महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली. त्यामुळे कापायचं ते खालून, आणि कापताना वाचावं लागत नाही. मी ब्लेडनं त्या ओळींची पट्टी कापली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. वाचली नाही. बाईंच्या उत्तरांत महत्त्वाचं खाली असतं, हे मला दोन वर्षं माहीत होतं.

दुरुस्ती छापू का, असं मी संपादकांना विचारलं. "गमतीच्या सदराला दुरुस्ती नसते," ते म्हणाले. पुढच्या गुरुवारी बाई नवी उत्तरं घेऊन आल्या. "कुणी कापलं?" मी म्हणालो, मी. त्या तशाच जिना उतरल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. सदर बंद झालं. तीन आठवड्यांनी मंगलचं दुसरं कार्ड आलं. ते मी खणात ठेवलं. बाईंच्या घरी जायला वीस मिनिटं लागत. मी गेलो नाही. वर्षभरात कोल्हापूरला नोकरी मिळाली आणि शहरच सुटलं.

निवृत्तीनंतर कागद आवरताना कार्ड हाती आलं. कन्नडच्या आमच्या जुन्या वार्ताहरानं दोन दिवसांत मंगलचा नंबर शोधून दिला. ती आता एसटीत कंडक्टर आहे. "सोमवारी या," ती म्हणाली, "त्या दिवशी सुट्टी असती." आणि मग तो प्रश्न विचारला.

शनिवार, उस्मानपुरा

कोल्हापूरहून येतानाची रात्र सांगण्यासारखी नाही. सकाळी उतरलो तेव्हा स्टँडबाहेर कोवळं ऊन होतं आणि हवा कोरडी. कोल्हापुरात डिसेंबरात सकाळी गवत भिजलेलं असतं, इथं धूळसुद्धा कोरडी असते. मी होतो तेव्हा शहर औरंगाबाद होतं, आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे. रिक्षावाला दोन्ही नावांना थांबतो. "उस्मानपुरा? बैठो चाचा," तो म्हणाला. मला इथं पूर्वी कुणी चाचा म्हणत नसे. तेव्हा मी भैया होतो.

बाई त्याच घरात राहतात. वर एक मजला चढला आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यामध्ये शाळेतल्यासारखं मोठं घड्याळ. बाई सत्त्याऐंशीच्या आहेत. ऐकू नीट येतं, दिसतं कमी. दार सुनेनं उघडलं. मी येणार हे फोनवर कळवलं होतं. नाव सांगायच्या आत आतून आवाज आला.

"कात्री आला का?"

ऑफिसात त्या मला याच नावानं हाक मारत.

"आलो बाई. जय भीम."

"जय भीम. किती वर्षांनी?"

"एकतीस."

"आकडे बरोबर ठेवतोस. ओळी तेवढ्या ठेवता येत नाहीत." मग सुनेला म्हणाल्या, "सुजाता, ह्याला चहा दे. अर्धा नको देऊस, राग येईल त्याला."

चहा पूर्ण कप आला. सुजाताताई हसू दाबत आत गेल्या. मी कार्ड काढून दिलं. बाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, उलटून मागचा शिक्का पाहिला.

"हे मला का दिलं नाहीस?"

"तुम्ही यायचं बंद केलं होतं."

"मी बंद केलं होतं. पोस्टानं नव्हतं केलं."

मी कामाचं बोललो. परवा कन्नडला जायचं आहे, उरलेलं घेऊन येतो असं सांगून बसलो आहे, त्या तीन ओळी काय होत्या?

"मला काय आठवतंय? तू सांग. कापल्या तू."

"मी वाचल्या नव्हत्या."

बाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं.

"वाचल्या नव्हत्यास?"

"नाही बाई. खालून कापलं. जागा हवी होती."

"मला वाटलं, वाचून कापल्यास," त्या म्हणाल्या. "तुला त्या हलक्या वाटल्या असतील असं वाटलं. गमतीत भलतंच लिहिलं म्हणून काढलं असशील. ते माझं स्वतःचं होतं रे. शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, घरात नाही. एका पोरीनं विचारलं म्हणून लिहिलं. म्हणलं, ज्याला हे पटत नाही त्याच्याकडे पुन्हा कशाला जायचं?"

एकतीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की बाईंना माझ्या निष्काळजीपणाचा राग आला. त्या धरून चालल्या होत्या की मी काळजीपूर्वक केलं. दोघांपैकी कुणी वीस मिनिटं चालून विचारलं असतं तर हे त्याच आठवड्यात मिटलं असतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"प्रश्न ठेवून जा. उद्या संध्याकाळी ये. तेव्हाही गुरुवारपर्यंत थांबायचास ना?"

रविवार, गुलमंडी

दिवसभर काम नव्हतं. गुलमंडीत आमचं ऑफिस होतं ती इमारत पाहायला गेलो. तळमजल्यावर कापडाचं दुकान होतं ते आहे, मालक बदलला आहे. वर जिथं आम्ही पानं लावत असू तिथं तयार ब्लाउज मिळतात. मी जिन्यापर्यंत गेलो. दुकानदारानं विचारलं, "कोणासाठी पाहिजे?" मी म्हणालो, कुणासाठी नाही, इथं काम करत होतो. "शिवणकाम?" तो म्हणाला. मी म्हणालो, कापायचं.

जिन्याखाली एक भिंत आहे. बाई दर गुरुवारी दुपारी तीनला तिथं सायकल लावत. सायकल मोठी, मधे दांडी असलेली, पुरुषांची. बाई तिच्यावर बसून येत नसत. उस्मानपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंत ती हातात धरून, तिच्या बाजूनं चालत येत. पिशवी हँडलला. आमचा शिपाई एकदा म्हणाला, "बाई, चालवत नाही तर आणता कशाला?" "तिला एकटीला घरी करमत नाही," बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. ती कुणाची सायकल हे दोन वर्षांत मी विचारलं नाही. दिवसभर लोकांना प्रश्न विचारायचे, हा माझा पेशा होता.

स्टँड लागल्याचा खट्ट आवाज वर ऐकू येई. कोल्हापूरच्या ऑफिसात नंतर कित्येक वर्षं कुठंही तसा आवाज झाला की मी घड्याळ बघे. वार गुरुवार असेल तर दाराकडेही बघे.

दुपारी जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला. मोठ्या कढईत रटरटणारं मटण, वर तेलाचा पिवळट तवंग, सोबत तंदूरमधून काढलेला जाड नान. कोल्हापुरात रस्सा पिताना माणूस घामाघूम झाला तर यजमानाला समाधान वाटतं. इथं खलिया सावकाश खायचा असतो. समोर बसलेल्या गृहस्थांनी माझा वेग पाहिला. "गाडी पकडनी है क्या, भाईसाब?" मी नाही म्हणालो. "फिर नान को इतना काहे को डरा रहे?" त्यांनी नानचा तुकडा रश्श्यात बुडवून किती वेळ धरायचा ते करून दाखवलं. मी मोजलं. सावकाश पाच आकडे.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्या खुर्चीत बसून होत्या. मांडीवर पांढरं पाकीट, चिकटवलेलं. वर नाव फक्त मंगल.

"आठवलं का?" मी विचारलं.

"ते तुला कशाला?"

"तेव्हाच्याच ओळी आहेत की नव्या?"

"कात्री, तुझं काम पोहोचवायचं. उघडायचं नाही. न वाचता कापता येतं, तर न वाचता पोहोचवताही येईल."

सुजाताताईंनी मला दारापर्यंत सोडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "रात्री दोनदा उठल्या. एकदा लिहिलं, फाडलं. मला विचारलं, बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सायकल भंगारात कधी दिली. मी म्हणलं, दिली नाही आई, गच्चीवर आहे." त्यांनी वर बोट केलं. गच्चीच्या कठड्यावरून हँडलची एक मूठ दिसत होती.

सोमवार, फुलंब्री

फुलंब्री माझ्या वाटेवर नाही. कन्नड वायव्येला, फुलंब्री ईशान्येला. स्टँडवर मी एका गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं आणि शेजारच्या गाडीत बसलो. ही चूक सर्वस्वी माझी. शहर मागे पडल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं चालला?"

"कन्नडला."

"मग ही गाडी कामून धरली? ही फुलंब्रीला चालली."

"आता काय करायचं?"

"आता काय, फुलंब्री बघून घ्या. आम्ही रोज बघतो."

त्यांनी पुढं समजावून सांगितलं की फुलंब्रीहून खुलताबादला जीप मिळते, तिथून कन्नडची गाडी. कोल्हापुरात चुकलेल्या माणसाला लोक आधी कसं चुकलात ते विचारतात. इथं त्यांनी ते विचारलंच नाही. उतरताना म्हणाले, "घाई नका करू. कन्नड काय पळून चाललं नाय."

जीप भरायला वेळ होता. स्टँडसमोरच्या खानावळीत बसून पिशवी उघडली तेव्हा दुसरी चूक कळली. पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल होतं. टॉवेल भिजला होता, पाकिटाची एक कड भिजली होती. मी ते टेबलावर उन्हात ठेवलं. कागद वाळत गेला तसा डिंक सुटला आणि पाकिटाचं तोंड हळूहळू आपोआप उघडलं. आत चौकोनी घडी. घडीच्या बाहेरच्या बाजूला शाई उमटलेली दिसत होती, उलटी. शेवटचा शब्द चार अक्षरांचा होता. तो मला उलटाही ओळखू आला.

बाकीचं वाचायला घडी उघडावी लागली असती. माझ्या आणि त्या ओळींच्या मध्ये कागदाची एक घडी होती. बाईंना कळलं नसतं. मंगललाही कळलं नसतं.

खानावळीच्या मालकीणबाई पाणी ठेवायला आल्या.

"कागद भिजला व्हय?"

"हो. चिकटवायला डिंक मिळेल का?"

"डिंक कुठून आणू? आत काय हाय?"

"माहीत नाही."

"तुमचंच हाय ना?"

"नाही. पोहोचवायचंय."

"मग उघडंच हाय तर वाचून टाका की. कोण बघतंय?" मी पाकिटाची उघडी कड बोटानं दाबून धरली. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आत गेल्या आणि वाटीतून चमचाभर भात घेऊन आल्या. "घ्या. शितानं लावा. आमच्या पोरांची पुस्तकं यानंच चिकटायची."

भाताची चार शितं बोटानं चेपून मी पाकीट बंद केलं. मालकीणबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लई इमानदार माणूस दिसता."

मी म्हणालो, "नवीन आहे."

सोमवार, कन्नड

खुलताबादहून पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. कारखान्याचा हंगाम आहे. प्रत्येक ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वरून लोंबणारी हिरव्या पानांची वाढी, मागं पडलेले ऊस गोळा करत जाणाऱ्या बायका. आमची गाडी तासभर त्या रांगेमागं चालली. खिडकीतून उसाचा वास येत होता. या बाबतीत मी कोल्हापुरातच होतो.

कन्नडच्या स्टँडवर दोन वाजता उतरलो. मंगलबाईंचं घर कुठं, असं कंट्रोलरला विचारलं. "कुणाकडून आलात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, पेपरकडून. "मग तुम्हीच ते," तो म्हणाला आणि एका माणसाला सोबत दिलं. स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं.

घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची शेड. शेडमध्ये सायकल उभी होती. जुनी, काळी, मोठी. मूठ झिजलेली. टायर मात्र नवे. सीटवर प्लॅस्टिकचा कागद बांधलेला.

मंगल बेचाळीस-त्रेचाळीसची आहे. उंच, आवाज मोठा, गाडीत मागच्या सीटपर्यंत पोहोचवण्याची सवय असलेला. नवरा त्या दिवशी ड्युटीवर होता. उंबऱ्यात तिची आई बसली होती, कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडं बघत.

"आलं का उरलेलं?" आईनं विचारलं.

"आलं, आई," मी म्हणालो.

"लई लवकर आणलं."

मंगल म्हणाली, "ये आई, पाहुण्याला टोमणा नको मारू. आधी जेवू दे."

मी पाकीट काढलं. तिनं घेतलं नाही. "राहू द्या. पेपर जेवल्यावर वाचायचा असतो. आमचे दादा तसंच करायचे." दादा म्हणजे तिचे वडील. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि ताकाचा तांब्या. कोल्हापुरात पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढतात. इथं प्रत्येक भाकरीला आधी विचारतात आणि उत्तर न ऐकता वाढतात.

जेवताना तिनं सांगितलं. वडील कारखान्यात कामाला होते. रोज सकाळी आठला त्याच सायकलवर जात, कोपऱ्यावर वळताना घंटी वाजवत. रविवारी पेपर आणत आणि तिला सदर वाचून दाखवत. शेवटचा शब्द ते वाचत नसत, तो तिनं म्हणायचा. ती सहावीत असताना ते वारले. आठवड्यानं तिनं कार्ड टाकलं.

"उत्तर आलं, त्या दिवशी मी पेपर हातात घेऊन थांबले. शेवटी एवढंच नव्हतं. म्हणलं, अजून हाय. पुढच्या रविवारी येईल. पुढच्या रविवारी सदरच नाय." ती भाकरी मोडत होती. "मग काका सायकल न्यायला आला. आई म्हणली, थांबा, उत्तर अर्धंच आलंय. पुरं येऊ दे, मग बघू. काका म्हणला, कुणाचं उत्तर? आई म्हणली, पेपरवाल्यांचं. पेपरात येणार म्हणल्यावर काका गप."

"दर महिन्याला विचारायचा," आई म्हणाली, "आलं का? मी म्हणायची, नाय. शेवटी त्यानं दुसरी घेतली. त्याच्या सायकलचं काय झालं कुणाला माहीत नाय. ही हाय."

"तुम्ही चालवली नाहीत?" मी मंगलला विचारलं.

"कशी चालवू? उपाय सांगितलाच नव्हता. समजूत न घालता बसलं की चेन टाकती म्हणलं होतं. शाळेत चार वर्षं चालतच गेले. सायकल घरी, मी रस्त्यानं. पोरं म्हणायची, येडी हाय. ट्यूब दोनदा बदलली, टायर बदलले. बसलं कुणी नाय." मग ती म्हणाली, "बारकी होते तेव्हा खरं वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं, कुणीतरी विसरलं असंल. पण तोवर सवय झाली होती वाट बघायची."

विसरलं नव्हतं, कापलं होतं, असं मी सांगितलं. कसं कापलं, तेही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आई म्हणाली, "बिन वाचता?" मी हो म्हणालो. आईनं माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली. या वेळी विचारलं नाही.

हात धुऊन मंगलनं पाकीट उघडलं. कडेचं शीत तिनं नखानं काढलं. उभ्यानंच वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ हलत होते, शाळेतल्या मुलांचे हलतात तसे. मग आईजवळ जाऊन बसली आणि कानाशी हळू सांगितलं. तिला हळू बोलता येतं हे तेव्हा कळलं. मी चार हातांवर होतो, मला काही ऐकू आलं नाही. आई हसली. मग बराच वेळ शेडकडे बघत राहिली. शेवटी दोघी एकदम म्हणाल्या, "एवढंच."

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

मंगलनं वर पाहिलं. "तुम्हाला माहीत नाय?"

"नाही. उघडायचं नाही असं सांगितलं होतं."

"मग मी कसं सांगू? बाईंना विचारा. कार्ड टाका. आम्ही बी तसंच केलं."

पाचची गाडी होती. मी पिशवी उचलली तेव्हा मंगलनं शेडमधली सायकल बाहेर काढली. सीटवरचा कागद सोडला, घडी करून आईकडं दिला. मला वाटलं ती बसणार. ती बसली नाही. माझी पिशवी घेऊन हँडलला अडकवली आणि सायकल हातात धरून, तिच्या बाजूनं चालायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं. सायकल मध्ये.

स्टँडपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता आहे. चाक फिरताना टिक-टिक असा बारीक आवाज येत होता. कोपऱ्यावर वळताना तिनं घंटी वाजवली. घंटी गंजली होती, पहिल्यांदा वाजली नाही, दुसऱ्यांदा वाजली. पानटपरीवरच्या एकानं हटकलं, "मंगलबाई, बसून जा की. चालत कामून?"

"हिला आज पहिल्यांदा बाहेर काढली," ती म्हणाली. "आधी रस्ता तर दाखवू दे."

बाई दर गुरुवारी अशाच यायच्या. तेवढ्यावरून त्या तीन ओळींत काय असेल याचा अंदाज करता येतो. पण अंदाज म्हणजे ओळी नव्हेत. गाडी सुटताना मागच्या काचेतून पाहिलं. सायकल स्टँडवर लावलेली होती आणि मंगल तिच्या शेजारी उभी होती, कुणाला तरी सोडायला दोघी आल्यासारख्या.

कोल्हापूर

परत आल्यावर पोस्टात जाऊन कार्ड घेतलं. काउंटरवरच्या मुलीला खण शोधावा लागला. मी लिहिलं : "बाई, न वाचता कापलेल्या ओळींत काय होतं?" खाली नाव लिहिलं नाही, कात्री लिहिलं.

आमच्याकडं टपाल सकाळी अकराला येतं. अकरा दिवस मी पावणेअकरालाच फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. बाराव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर हललेलं आहे, पण ओळी सरळ आहेत.

"कात्री, जय भीम. प्रश्न पोहोचला. विचारायला उशीर केलास, पण चालेल. भाकरी शिळी होते, प्रश्न होत नाही. मंगलचा फोन आला होता, ती रोज सकाळी आठला सायकलला कोपऱ्यापर्यंत नेऊन आणते. आमचीही गच्चीवरून खाली आणवली आहे. आता त्या ओळींचं. सायकलची समजूत घालायचा उपाय मला कुणी सांगितला नव्हता, माझा मलाच सापडला, आणि तो असा की"

कार्ड इथं संपतं. खाली दोन बोटं जागा कोरी आहे. शेवटी "एवढंच" नाही.